आधी हातानं विचारा

एरंडेलाचा वास आला की लोकांना लहानपण आठवतं. रविवारची सकाळ, नाक दाबून धरणारी आई, मागून मिळणारा गुळाचा खडा. मला मठपती सर आठवतात. ते आठवले की अजूनही माझं डोकं फिरतं, त्यामुळे मी घरात एरंडेल ठेवतच नाही.

आष्टीच्या बाहेर मुरमाड माळावर आमचं पॉलिटेक्निक होतं. त्या वर्षांत सरकारने खाजगी कॉलेजांचं दार उघडलं होतं, आणि ज्याच्याकडे पडीक जमीन होती व मुंबईत कुणीतरी ओळखीचं होतं तो प्रत्येक जण शिक्षणमहर्षी झाला होता. आमचे संस्थाचालक आबासाहेब त्यांपैकीच एक. मी तिथं इंग्रजी शिकवत होते, मठपती सर वर्कशॉप. आम्ही सगळेच तात्पुरते. एप्रिलमध्ये घरी बसायचं, जूनमध्ये नेमणुकीच्या नव्या हुकमासाठी आबासाहेबांच्या ओसरीवर जाऊन उभं राहायचं, चहा मिळाला तर पिऊन यायचं. त्या ओसरीवर मठपती सर सगळ्यांत मागे उभे असत. पाठीला पाठ लावावी तसे भिंतीला चिकटून.

पूर्ण नाव रेवणसिद्ध मठपती. मूळचे युसूफ वडगावचे. घरचं किराणा आणि भुसार मालाचं दुकान होतं, चांगलं चालणारं. पण सरांचं थोरल्या भावाशी पटलं नाही. औरंगाबादला डिप्लोमा करून आलेला धाकटा भाऊ गल्ल्यावर बसायचा सोडून छपरावर विमानं करत बसतो, हे भावाला बघवेना. एक दिवस भाऊ सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, की इमानं पोट भरत असतील तर उद्यापासून तिकडंच जेव. सर त्याच संध्याकाळी आष्टीला निघून आले. बायको आणि मुलगी शिवकन्या वडगावलाच राहिल्या, त्याच भावाच्या घरात. कायमची नोकरी लागली की दोघींना आणीन, असं सांगून आले होते. तेव्हा मुलगी पाटी घेऊन बसणारी होती. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ती तिसरीत गेली होती, आणि सर अजून एका खोलीत, स्टोव्हवर भात शिजवत होते.

त्यांची माझी पहिली भेट काही गोड नव्हती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वसतिगृहामागच्या मैदानावरून काहीतरी किंचाळल्यासारखा आवाज आला. मला वाटलं फवारणीचा पंप बिघडलाय. बघायला गेले तर एक किडकिडीत माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, शर्टाच्या वरच्या बटणात गळ्यातल्या लिंगाचा दोरा कोंबून, एका लहानशा विमानावर ओणवा झालेला. मी कौतुकानं पुढून वाकून बघितलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, फॅनच्या रेषेत उबं ऱ्हाऊ नका. पाती तुटली तर सरळ तोंडात येती. मागं या." ना नमस्कार, ना नाव-गाव. मला राग आला, आणि मी मागे गेले.

विमान दोन तारांवर उडणारं होतं. मधोमध माणूस उभा राहतो, हातात मूठ, मुठीतून निघालेल्या दोन तारा विमानाच्या पंखाला, आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल फिरतं. मूठ तिरपी केली की वर जातं, उलटी केली की खाली येतं. सांगाडा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, त्यांनी स्वतः तासलेला. इंजिन मात्र खरं होतं, मुठीएवढं, कॉलेजात असताना एनसीसीत विमानं शिकवणाऱ्या त्यांच्या गुरूंनी निवृत्त होताना दिलेलं. त्यांच्याकडे दुसरं नव्हतं आणि पुन्हा मिळण्यासारखंही नव्हतं. त्याला पेट्रोल चालत नसे. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळून ते पाजावं लागे. इंजिन चालायला लागलं की जळक्या एरंडेलाचा धूर सगळ्या मैदानावर पसरायचा, तो सरांच्या कपड्यांत, केसांत, वह्या तपासल्या की वह्यांत. पोरं त्यांना 'एरंडेल सर' म्हणायची. त्यांना माहीत होतं. त्यांना ते आवडत असावं असा माझा संशय आहे.

तसा माणूस प्रेमळ बिलकूल नव्हता. कुणाचं चांगलं म्हणायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. पोरानं झकास कानशीचं काम करून आणलं, तर ते उजेडाकडे धरून म्हणायचे, "हं. हे कामाला येईल." एवढंच. मी एकदा कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या, तर त्यांनी मला त्यातली फक्त एक चूक दाखवली. हट्टी होते, तिरसट होते, स्वतःच्या विमानाबद्दल विलक्षण गर्विष्ठ होते. पण आबासाहेबांच्या ओसरीवर गेले की हे सगळं कुठं जायचं कोण जाणे. तिथं ते 'जी साहेब' शिवाय बोलत नसत. त्यांचं हे रूप बघायला नको वाटायचं म्हणून मी जूनमध्ये मुद्दाम वेगळ्या दिवशी ओसरीवर जायचे.

उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांचं वाकडं होतं. पूर्वी ते पंखा बोटानंच फिरवून इंजिन चालू करायचे. एकदा इंजिन उलटं उसळलं आणि पात्यानं बोट सोलून हाड मोडलं. गावातल्या हाडवैद्यानं बसवलं ते तसंच राहिलं. तेव्हापासून खडू ते मधल्या दोन बोटांत धरत. आणि तेव्हाच त्यांनी स्टार्टर बनवला. भंगारातल्या मोपेडच्या सेल्फची मोटर, तिच्या टोकाला हापशातल्या रबरी वायसरची वाटी. ती वाटी पंख्याच्या नाकावर दाबायची, बटण दाबायचं, मोटर फिरते, पंखा फिरतो, इंजिन पेटतं. यात नड एकच होती, बॅटरीची. मोटरला करंट भरपूर लागायचा आणि तो द्यायला ट्रॅक्टरची बॅटरी. सर ती कुणाकडून तरी मागून, सायकलच्या कॅरियरला बांधून, माळावरच्या खाचखळग्यांतून आणत. तिच्यातलं ॲसिड सांडून त्यांच्या सगळ्या पँटींना मांडीवर भोकं पडली होती. एवढं करून भारनियमनात ती धड चार्ज झालेली नसायचीच. वाटी टेकवली की मोटर कण्हायची, पंखा अर्धा वळायचा आणि सगळं गप्प. सर बॅटरीकडे असं बघत की तिची मला दया यायची.

मग संस्थेत लॅपटॉप आले. आबासाहेबांचे चिरंजीव भैय्यासाहेब पुण्याहून शिकून आले होते, त्यांनी ऑफिसात आणि स्वतःच्या केबिनमध्ये मांडले. वर्ष होतं न होतं तोच त्यांच्या बॅटऱ्या बसल्या आणि स्टोअरमध्ये जाऊन पडल्या. सरांनी त्या मागून आणल्या आणि करवतीच्या पात्यानं उघडल्या. आत पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड सेल, ओळीनं. मीटर लावून एकेक तपासत ते मला म्हणाले, "बगा मॅडम, मेल्यात फकस्त दोन. बाकी सगळ्या जिवंत हायत. पन एक मेली की सगळ्यास्नी मेलेलं धरून फेकून देत्यात." मग पुढचा सेल मीटरला लावत म्हणाले, "आपल्या स्टाफसारकं."

जिवंत सेल निवडून त्यांनी चार-चारचे तीन गट केले, ते एकापुढे एक जोडले, वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवला. हे लिथियमचं काम मात्र जपून करावं लागतं, जास्त चार्ज झालं की पेट घेतं, हे त्यांना कळलं होतं, कारण एक सेल त्यांच्या खोलीत फुटून गादी जळली होती. म्हणून ते चार्जिंग फक्त वाळूनं भरलेल्या माठात करत. माठ स्टाफरूममध्ये कोपऱ्यात, वर थाळी झाकलेली. एकदा उन्हाळ्यात प्राचार्यांचे व्याही आले होते. त्यांनी आपलंच घर समजून स्वतःच उठून माठात पेला बुडवला आणि वाळू काढली. प्राचार्य चिडले, व्याही चिडले, आणि सरांनी आधी पेल्यातली वाळू परत माठात ओतली, मग सॉरी म्हटलं.

पहिल्या दिवशी त्या नव्या बॅटरीवर इंजिन चालू झालं तेव्हा मी तिथं होते. वाटी टेकली आणि एका क्षणात इंजिन किंचाळायला लागलं. कण्हणं नाही, अडखळणं नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं काम त्या हातरुमालात मावेल एवढ्या गठ्ठ्यानं केलं होतं. सर हसले नाहीत. ते बॅटरी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले आणि दिवसभर कुणाशी वाकडं बोलले नाहीत.

पण त्याच आठवड्यात त्यांनी एका पोराला वर्कशॉपमधून हाकलून दिलं. अंतिम वर्षाचा हुशार पोरगा होता. सर पलीकडे गेले तेव्हा त्यानं विमान घेतलं आणि सरळ स्टार्टर लावला. इंजिन चालूही झालं. तरी सर एवढे संतापले की त्यांचा आवाज चिरकला. मी मध्ये पडले तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. कधी कधी तेल जास्त होऊन इंजिनात भरून राहतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तशात पंखा जोरानं फिरवला तर आतला दांडा मोडतो, आणि मग ते इंजिन गेलं. म्हणून स्टार्टर लावण्याआधी पंखा बोटानं सावकाश फिरवून बघायचा. फिरला तर ठीक. अडला, तर विमान उलटं करून तेल काढून टाकायचं.

"जुनी बॅटरी थकलेली व्हती," ते म्हणाले. "इंजिन अडलं की ती बी गप बसायची. कुनाचं नुकसान न्हाई. ही लई दांडगी हाय मॅडम, ही 'न्हाई' ऐकूनच घेत न्हाई. म्हनून आधी हातानं इचारायचं. न्हाई म्हनलं तर जोर करायचा न्हाई."

हे ते रोज म्हणायचे. आधी हातानं इचारा. लेथवर जॉब लावला, हातानं इचारा. नट बसवला, हातानं इचारा. पोरं त्यांची नक्कल करायची, एकमेकांच्या पाठीवर वाकडं बोट ठेवून. वाकड्या बोटानं पंखा फिरवायचा तो ढंग मी इतक्यांदा पाहिला आहे, की आजही डोळे मिटले तर दिसतो. बोट पात्यावर टेकायचं, मान एका बाजूला कलायची, आणि चेहरा असा व्हायचा की जणू आतून कुणीतरी उत्तर देणार आहे.

त्या हिवाळ्यात आबासाहेबांना इंजिनिअरिंग कॉलेज काढायचं मनात आलं. इमारत अर्धी होती, प्रयोगशाळा नव्हत्या, ग्रंथालयात आमच्याच पॉलिटेक्निकची पुस्तकं नेऊन रचली होती. मान्यतेसाठी पाहणी करायला समिती येणार होती. भैय्यासाहेबांच्या डोक्यात कल्पना आली, की समितीपुढे विमान उडवायचं. विद्यार्थ्यांनी बनवलेलं विमान. सरांना ओसरीवर बोलावणं आलं आणि पहिल्यांदाच बसायला खुर्ची मिळाली. आबासाहेब म्हणाले, विमान उडालं की त्याच दिवशी कायमचा हुकूम काढतो. भैय्यासाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

सर तिथून सरळ माझ्याकडे आले. त्यांनी वडगावला फोन करायला मला सोबत नेलं, का ते मला आजही कळलेलं नाही. एस.टी.डी. बूथच्या काचेतून मी बघत होते. ते बायकोशी बोलले, मग बराच वेळ मुलीशी. बाहेर आल्यावर म्हणाले, शिवकन्येचं नाव जूनमध्ये आष्टीच्या शाळेत घालायचं, दोन खोल्यांचं घर बघून ठेवा म्हणाली तिची आई. मी त्या माणसाला इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि त्या आनंदाचीच आता चीड येते.

समिती सकाळी यायची होती. सरांनी विमान पुसून, टाकी भरून, वेळेवर मैदानावर आणून ठेवलं. समिती दुपारपर्यंत आली नाही. दरम्यान मांडव सजला, चौरंग आला, गुरुजी आले. यंत्र चालू करायचं तर पूजा हवीच. ट्रॅक्टरची होते, बोअरच्या मोटरची होते, मग विमानाची का नको? विमान चौरंगावर ठेवलं गेलं. पण पंख्यावरचं कुंकू आणि हार फोटोत नीट येईना, म्हणून भैय्यासाहेबांच्या सांगण्यावरून शिपायानं शेपटीखाली विटा रचल्या. विमान नाकावर आलं. टाकी वर, इंजिन खाली.

सर पुढे झाले. मी बघितलं, त्यांनी शिपायाला काहीतरी हळूच सांगितलं. शिपाई म्हणाला, साहेबांनी सांगितलंय. सर भैय्यासाहेबांकडे वळले. भैय्यासाहेब मोबाईलवर बोलत होते. त्यांनी हातानंच 'थांबा' केलं. सर थांबले.

समिती आली. श्लोक झाले, नारळ फुटला, सत्कार झाले. आबासाहेबांचं भाषण झालं, मराठवाड्याच्या मातीतून उंच भरारी वगैरे. या सगळ्या वेळात विमान नाकावर उभं होतं आणि टाकीतलं एरंडेल थेंबाथेंबानं इंजिनात उतरत होतं. मला ते तेव्हा कळलं नव्हतं. सरांना कळत होतं. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांची नजर एकाच जागी होती.

शेवटी विमान मैदानावर आणून ठेवलं. दोन पोरांनी मागून धरलं. सर स्टार्टर उचलायला वाकले, तेवढ्यात भैय्यासाहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि समितीच्या अध्यक्षांना हसून म्हणाले की उद्घाटन आपण करू. सरांचा हात पंख्याकडे गेला होता. ते वाकडं बोट पात्यापासून वीतभर होतं.

"साहेब, एकदा हातानं..." एवढंच म्हणाले.

आबासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतंच बघितलं. सरांनी हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधला.

भैय्यासाहेबांनी वाटी टेकवली आणि बटण दाबलं. जुनी बॅटरी असती तर कण्हून थांबली असती. ही थांबली नाही. ऊस गुडघ्यावर मोडावा तसा एक आवाज आला, फार मोठा नाही, आणि मोटर तशीच फिरत राहिली. पंख्याच्या नाकावर वाटी घासून रबराचा वास सुटला. भैय्यासाहेब अजून बटण दाबून होते.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग थांबवल्या. आबासाहेब हसले, तांत्रिक बिघाड म्हणाले, आणि समितीला जेवायला घेऊन गेले. पुरणाच्या पोळ्या होत्या, आमरस डब्यातला होता. समितीनं ना वर्कशॉप बघितलं ना ग्रंथालय. मान्यता आधीच ठरलेली होती. ती कुणी, कुठं, कशी ठरवली होती ते ऑफिसातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. विमान उडालं असतं तरी तेच झालं असतं, आणि कुणी विमान बनवलंच नसतं तरी तेच.

जूनमध्ये वर्कशॉपची कायमची जागा निघाली आणि आबासाहेबांच्या भाच्याला मिळाली. सरांना ओसरीवर सांगण्यात आलं की त्या दिवशी तुम्ही संस्थेची शोभा केलीत. त्यांनी विमान परत मागितलं तर आबासाहेब म्हणाले, ते संस्थेचं आहे, आमच्या मैदानावर आमच्या स्पिरिटवर उडत होतं ना?

जायच्या आदल्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माठातली वाळू उपसत बसले होते. मी न राहवून विचारलं, तुम्हाला कळलं होतं ना?

"शेपूट वर केलं तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले.

मग बोलला का नाहीत, ओरडला का नाहीत, पोरावर ओरडला होतात ना?

ते वाळू उपसत राहिले. मग म्हणाले, "बोललो आसतो तर कायम झालो नसतो, मॅडम."

हे बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्या वाक्यात काय आहे ते त्यांनाही तेव्हाच ऐकू आलं. मला संताप त्यांचाही आला होता, आणि त्याहून जास्त त्या ओसरीचा, जिनं या हट्टी माणसाला पाठीमागे हात बांधायला शिकवलं होतं. ते वडगावला परत गेले. भावाच्या दुकानात तूरडाळ तोलतात, असं कुणीतरी सांगितलं.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, बऱ्याच वर्षांनी. इंजिनिअरिंग कॉलेज तोवर चांगलं उभं राहिलं होतं, आणि त्याच्या प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या होत्या. मी तिथं इंग्रजीचे तास घ्यायला जायचे. दर्शनी दालनात काचेच्या कपाटात विमान ठेवलं होतं, पंख्याला चंदनाचा हार, खाली पितळी पाटीवर 'मा. भैय्यासाहेबांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी साकारलेले'. त्या कपाटासमोर सर उभे होते. केस पांढरे, पट्टे तेच. शिवकन्या ऑफिसात अर्ज भरत होती. दुसरीकडची फी परवडत नाही, आणि अनोळखी गावी पोरीला पाठवायला भाऊ तयार नाही, असं त्यांनी मला न विचारताच सांगितलं.

शिपाई तोच होता, विटा रचणारा. तोही म्हातारा झाला होता. तो कमरेची किल्ली काढत आला, कपाट उघडलं आणि बाजूला होऊन म्हणाला, "घिऊन जा, सर. म्या काय बगितलं न्हाई. कुनी इचारलं तर म्हनतो, उंदरानं खाल्लं."

सरांनी गळ्यातला दोरा शर्टाच्या बटणात कोंबला. हार बाजूला सारला. ते वाकडं बोट पात्यावर टेकलं, मान एका बाजूला कलली. पंखा तसूभरही हलला नाही. त्यांनी पुन्हा एकदा, अगदी हलकेच, लावून बघितलं.

"न्हाई म्हनतंय," ते शिपायाला म्हणाले, आणि बोट काढून घेतलं.

हार त्यांनी होता तसा परत घातला. एवढ्यात शिवकन्या आतून आली आणि म्हणाली, बाबा, प्रवेश झाला, पण साहेब म्हणतायत वडिलांना आत येऊन भेटायला सांग. सरांनी भस्माचे पट्टे रुमालानं नीट केले, हात पाठीमागे बांधले, आणि ते भैय्यासाहेबांच्या केबिनकडे गेले.